मालवणच्या पाण्यात टायटॅनियमचं घड्याळ : निवडताना, पारखताना, सांभाळताना

आठ वर्षं वापरलेलं माझं स्टीलचं घड्याळ देवबागच्या संगमावर एका सकाळी मनगटावरून सुटलं. डाइव्हसाठी होडीच्या काठावर बसून पायांत फिन्स चढवत होतो, पट्टा एकदम ढिला झाला आणि घड्याळ खाली पडलं. नशीब थोर म्हणून होडीत पडलं. पाण्यात पडलं असतं तर ओहोटीच्या ओढीने कर्लीच्या पाण्याबरोबर समुद्रात गेलं असतं. २०० मीटर खोलीपर्यंत चालेल असं लिहिलेलं घड्याळ, आणि त्या दिवशी मी अजून पाण्यात उतरलोही नव्हतो.

संध्याकाळी घरी नीट पाहिलं. पट्ट्याला घड्याळाशी धरून ठेवणारी बारीक पिन टोकाशी तुटली होती. तुटलेल्या जागी तपकिरी भुकटी होती, नखाने टोकरली तशी गळून पडली. दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. रबरी रिंग जिथे बसते त्या खाचेत सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले होते. "खोल पाण्यानं नाय गेला ह्या, मिठानं गेला," ते म्हणाले.

कोकणपट्टीत डाइव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली उतरताना वापरायचं घड्याळ, घेणाऱ्याने हीच गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी. आपल्याकडे घड्याळ खोलीने मरत नाही. खारं वारं, घाम, पावसाळ्याची दमट हवा आणि धुण्याचा कंटाळा यांनी मरतं. टायटॅनियम या भांडणातला अर्धा भाग जिंकून देतं. उरलेला अर्धा रबराचा, पिनांचा आणि आपल्या सवयीचा. मी मालवण-तारकर्लीच्या पाण्यात सीझनभर उतरतो, त्या प्रसंगानंतर टायटॅनियमचं घड्याळ घेतलं आणि त्याला आता सातवं वर्ष चालू आहे. नव्याने घेणारे बरेच जण विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

धातूची ओळख आधी

दुकानात 'टायटॅनियम' मागितलं की कधी कधी 'टायटन' समोर ठेवतात. टायटन ही टाटांची घड्याळाची कंपनी, टायटॅनियम हा धातू. नावांत साम्य आहे, एवढंच. तेव्हा धातूचं म्हणून स्पष्ट सांगा.

या धातूची घनता घनसेंटिमीटरला साधारण ४.५ ग्रॅम आहे. घड्याळात वापरतात त्या ३१६एल स्टीलची ८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आकाराचा तुकडा चाळीस टक्क्यांहून जास्त हलका. आमच्या होडीवरच्या तांडेलाने माझं घड्याळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो म्हणाला, "हेका वजनच नाय रे! प्लास्टिकाचा हा काय?" नवख्या माणसालाही पहिल्यांदा असंच वाटतं. हलकं म्हणजे हलक्या प्रतीचं, हा समज मनातून काढून टाका.

खाऱ्या पाण्यात टायटॅनियम का टिकतं? हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा उठला की उघड्या पडलेल्या जागी तो लगेच पुन्हा बसतो. स्टीललाही असाच थर असतो, पण मिठातलं क्लोराइड त्याला भोकं पाडतं. विशेषतः अडचणीच्या जागी, झाकणाच्या खाचेत किंवा पिनेच्या भोकात, खारं पाणी अडकून राहतं. तिथे ऑक्सिजन कमी पडतो आणि थर पुन्हा धरत नाही. माझ्या घड्याळाचे खड्डे नेमके तिथेच होते. टायटॅनियमला समुद्राच्या पाण्याने असं काही होत नाही.

आणखी एक फायदा घामाच्या दिवसांत कळतो. ३१६एल स्टीलमध्ये निकेल दहा टक्क्यांच्या वर असतं. काहींना मनगटावर पुरळ उठतं, खाज सुटते, आणि मे महिन्यात तर ते असह्य होतं. शुद्ध टायटॅनियममध्ये निकेल नसतं. शिवाय ते उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे हाताला स्टीलसारखं थंडगार लागत नाही.

हा धातू आपल्या पायाखालीही आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, नेवरे, मालगुंड, तिकडे पूर्णगड-गावखडी या किनाऱ्यांवर वाळूत काळे पट्टे दिसतात. त्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज आहे: लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. १७९१ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूतच विल्यम ग्रेगर यांना हा धातू पहिल्यांदा सापडला. म्हणजे टायटॅनियम दुर्मीळ मुळीच नाही. अवघड आहे ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवणं. विल्यम क्रोल यांची पद्धत १९४० च्या सुमाराची: आधी क्लोराइड करायचं, मग मॅग्नेशियमने धातू मोकळा करायचा. त्यातून तो कापताना हत्यारं लवकर झिजतात. घड्याळाची किंमत चढते ती इथे.

पहिली पायरी : तुमचं काम काय, ते ठरवा

किल्ले सिंधुदुर्गाच्या आसपास पर्यटकांना जी डाइव्ह देतात ती बहुतेक दहा मीटरच्या आतली. ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्याची मर्यादा १८ मीटर, पुढचं शिक्षण घेतलेल्याची ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटर. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. २०० मीटरचं घड्याळ वीस वातावरणांसाठी बनवलेलं असतं, तुम्ही फार तर चार वाढवणार. त्यामुळे ५००, १००० असे आकडे बघून जास्त पैसे देऊ नका. जास्त खोलीचं घड्याळ जाड असतं आणि होडीच्या शिडीला आपटत राहतं.

एक गैरसमज इथेच सोडवतो. पोहताना हात जोरात मारला की दाब प्रचंड वाढतो, म्हणून मोठा आकडा हवा, असं लोक सांगतात. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने मारला तरी त्याने वाढणारा दाब साधारण सव्वा मीटर पाण्याइतका होतो. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ घेऊन पोहू नये हे खरं, पण त्याचं कारण वेगळं. तो आकडा नव्या घड्याळाचा आणि नव्या रबराचा असतो. वापर आणि वय यांच्यासाठी त्यात फारशी जागा ठेवलेली नसते.

हेलियम व्हॉल्व्ह, म्हणजे घड्याळात शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारी झडप, हाही तुमच्या कामाचा नाही. त्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे, कारण टायटॅनियमचं डाइव्ह वॉच तिच्यातूनच जन्मलं. १९६८ साली जपानमधल्या कुरे शहरातल्या एका व्यावसायिक डायव्हरने सेइकोला पत्र लिहिलं: तीनशे मीटरच्या पलीकडच्या कामात तुमची घड्याळं टिकत नाहीत. असे डायव्हर दिवसचे दिवस दाबाच्या खोलीत हेलियम मिसळलेल्या हवेत राहतात. हेलियमचे कण इतके लहान की ते रबरातून घड्याळात शिरतात, आणि वर येताना दाब उतरला की आतून काचच उडवतात. सेइकोने सात वर्षं काम करून १९७५ मध्ये ६०० मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ आणलं. त्याची केस, म्हणजे बाहेरची धातूची खोळ, एकसंध होती आणि गॅस्केट, म्हणजे रबरी रिंग, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची, म्हणजे हेलियम आत शिरूच नये. त्याआधी १९७० मध्ये सिटिझनने एक्स-८ हे जगातलं पहिलं टायटॅनियमचं घड्याळ काढलं होतं, पण ते डाइव्हसाठी नव्हतं. मालवणच्या पाण्यात कुणी हेलियम श्वासात घेऊन उतरत नाही. तो व्हॉल्व्ह आपल्यासाठी म्हणजे केसला पाडलेलं आणखी एक भोक, आणि जितकी भोकं तितकी रबरं.

दुसरी पायरी : तबकडी आणि मागचं झाकण वाचा

'वॉटर रेझिस्टंट २०० मीटर' आणि 'डायव्हर्स २०० मीटर' यांत फरक आहे. तबकडीवर 'डायव्हर्स' हा शब्द असेल तर घड्याळ आयएसओ ६४२५ या डाइव्ह वॉचसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं असल्याचा दावा कंपनी करते. त्या मानकात प्रत्येक घड्याळ दाबाखाली तपासावं लागतं, नुसते नमुने काढून चालत नाही. तपासणीचा दाब लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट. खाऱ्या पाण्यात २४ तास ठेवणं, गरम-थंड-गरम पाण्यात बुडवणं, धक्का, चुंबक, आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणं, हे सगळं त्यात येतं. सेकंदकाटा किंवा तत्सम काहीतरी हलतं दिसायला हवं, म्हणजे घड्याळ चालू आहे की बंद पडलंय ते पाण्याखाली कळतं.

मागच्या झाकणावर धातूचं नाव कोरलेलं असतं. तिथे नुसतं 'टायटॅनियम' आहे, की 'झाकण स्टीलचं' असंही लिहिलंय, ते बघा. कधी केस टायटॅनियमची असते आणि झाकण किंवा बकल स्टीलचं.

ग्रेडचंही विचारा. ग्रेड २ म्हणजे व्यवहारात शुद्ध टायटॅनियम. त्याचा कठीणपणा स्टीलच्याच आसपास, म्हणून ओरखडे सहज दिसतात. ग्रेड ५ मध्ये सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं. ते बरंच कठीण आणि चांगली चकाकी घेतं. तिसरा प्रकार पृष्ठभाग कडक केलेल्या टायटॅनियमचा, सिटिझनच्या ड्युराटेक्टसारखा. माझं मत विचाराल तर होडीवर वावरणाऱ्याने हा तिसरा घ्यावा. टाकीचा व्हॉल्व्ह, शिडी, वजनाचा पट्टा, सगळीकडे मनगट घासतं. त्याची एकच अडचण: खोल घाव बसला तर पॉलिश करून काढता येत नाही. साध्या ग्रेड २ च्या बारीक रेघा मात्र वापराने मिसळून जातात आणि सगळं घड्याळ एकसारखं राखाडी होतं.

तिसरी पायरी : खरंच टायटॅनियम आहे का, ते तपासा

नवं घड्याळ बिलासह अधिकृत दुकानातून घेतलंत तर ही पायरी सोडून द्या. वापरलेलं घेताय, किंवा अनोळखी नावाचं स्वस्त घड्याळ आवडलंय, तर मात्र थांबा. लोहचुंबकाने काही कळत नाही, कारण ३१६एल स्टीलही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. रंगावर विश्वास ठेवू नका, राखाडी मुलामा कशावरही चढवता येतो.

आमच्या बाजारपेठेतल्या सोनाराच्या काट्यावर मी एकदा जे केलं ते सांगतो. पट्टा लहान करताना तीन कड्या निघाल्या होत्या. त्यांतल्या पिना स्टीलच्या म्हणून आधी त्या काढल्या. कड्यांचं वजन भरलं ४.५० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणला. कड्या शिवणाच्या दोऱ्याला बांधून पेल्यात सोडल्या, पूर्ण बुडतील पण तळाला किंवा काठाला टेकणार नाहीत अशा. बुडबुडे चिकटले होते ते दोरा हलवून घालवले. काट्यावर आकडा स्थिरावला १.०० वर. कड्यांनी जेवढं पाणी सारलं त्याचं हे वजन. ४.५० भागिले १.०० म्हणजे ४.५. टायटॅनियमच. त्याच वजनाच्या कड्या स्टीलच्या असत्या तर काट्याने ०.५६ च्या आसपास दाखवलं असतं. फरक इतका मोठा आहे की थोडं कमी-जास्त मोजलं गेलं तरी फसगत होत नाही. सोनाराला पाच मिनिटं लागतात, आणि ओळखीचा असेल तर तो आनंदाने करू देतो. अर्थात हे पट्ट्याबद्दल झालं, केसबद्दल नाही. पण पट्टाच खोटा निघाला तर पुढे बोलायचं कारण उरत नाही.

पूर्ण घड्याळाच्या वजनाची तुलना करताना लक्षात घ्या, काच आणि मशीन दोन्हींत सारखंच असतं. त्यामुळे घड्याळ निम्म्या वजनाचं होणार नाही.

चौथी पायरी : काच, बेझल, चावी

काच नीलमाचीच घ्या. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर असतं, मोह्‍सच्या मापावर त्याचा कठीणपणा ७. साधी मिनरल काच त्याहून मऊ, म्हणून ओल्या वाळूचा हात काचेवरून फिरला की रेघ उठते. नीलम ९ वर आहे, वाळूला दाद देत नाही. आपटून मात्र तोही फुटतो.

बेझल, म्हणजे काचेभोवतीचं आकड्यांचं कडं, फक्त एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला हवं. पाण्याखाली चुकून धक्का लागला तर झालेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच दिसणार नाही, आणि तुम्ही लवकर वर याल. दुकानात ओल्या बोटांनी फिरवून बघा. घसरत असेल तर तुमच्या कामाचं नाही. शून्याच्या खुणेवर चमकणारा ठिपका हवा. दोन बोटांत धरून मागे-पुढे हलवा; एखाद्या मिनिटाची ढिलाई निघाली तर दुसरा नग मागा.

चावी, म्हणजे वेळ लावायची बाजूची घुंडी, पेचाची हवी, फिरवून घट्ट बसणारी. ती लावताना आधी हलकेच उलटी फिरवा. आटे जुळल्याचा बारीकसा 'टक' बोटाला जाणवतो, मग दाबून सुलटी फिरवा. टायटॅनियमचे आटे एकमेकांवर कोरडे घासले तर चिकटून बसतात, त्यामुळे अडलं तर जोर लावू नका, पुन्हा उघडून सुरुवात करा. पट्ट्याला टायटॅनियमचे स्क्रू असतील तर हाच नियम. मापाचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर हात लावू नका.

अंधारातल्या चमकेची परीक्षा दुकानातच होते. मोबाईलचा टॉर्च अर्धा मिनिट तबकडीवर धरा आणि घड्याळ मुठीत झाकून आत बघा. मिनिटकाटा तासकाट्यापासून लगेच वेगळा ओळखू यायला हवा. पाण्याखाली मिनिटकाट्याचंच काम असतं.

पाचवी पायरी : मशीन

नव्याने घेणाऱ्याला मी प्रकाशावर चार्ज होणारं क्वार्ट्झ, म्हणजे विजेवर चालणारं मशीन, सुचवतो. कारण सेल बदलायला झाकण उघडावं लागत नाही. साध्या क्वार्ट्झचा सेल दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो, आणि दर वेळी झाकणाची रिंग जागची हलते. माझ्या एका जुन्या घड्याळाचा सेल शहरातल्या एका दुकानात दहा मिनिटांत बदलून मिळाला. रिंगला ग्रीस लावलं नाही, दाबाची तपासणी केली नाही, आणि मीही विचारलं नाही. जुलैत काचेच्या आतून धुकं धरलं, गणपतीपर्यंत तबकडीवर हिरवट डाग आला. त्या घड्याळाचं मशीन गेलं. तेव्हापासून झाकण उघडणार म्हटलं की मी दोन प्रश्न विचारतो: रिंग नवी टाकणार का, आणि दाबाची तपासणी करणार का. दोन्हींना 'हो' मिळालं नाही तर घड्याळ परत खिशात.

ऑटोमॅटिकवर ज्याचं मन आहे त्याने जरूर घ्यावं. हाताच्या हालचालीवर चालणारं यंत्र मनगटावर असणं हे सुख वेगळंच आहे. फक्त काही वर्षांनी सर्व्हिसिंगला जाणार आणि तेव्हा झाकण उघडणार, हे धरून चाला.

सहावी पायरी : वापरलेलं घेत असाल तर

पट्टा काढायला सांगा. मालक काढू देत नसेल तर तिथेच थांबा. पिनेची भोकं बघा, लांबट झाली असतील तर पट्टा खूप ढिला वापरला गेलाय. पिना बाहेर काढून बोटावर घासा. तपकिरी डाग उठला तर घड्याळ कधी गोड्या पाण्याने धुतलेलं नाही, आणि आतल्या रबराचीही तीच गत असणार. शिल्लक कड्या आहेत का, विचारा. टायटॅनियमची सुटी कडी नंतर मिळवणं जिकिरीचं असतं.

पाणी आत गेलंय का, हे घरी तपासायची एक सोपी रीत आहे आणि ती मानकातल्या परीक्षेवरूनच आली आहे. घड्याळ उन्हात मनगटावर घालून दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या. मग काचेच्या मधोमध माठातल्या पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर थांबून तो फडक्याने टिपा. थेंबाच्या जागी आतल्या बाजूने धुक्याचा गोल डाग दिसला तर आत ओल आहे. बाहेरची ओल फडक्याने जाते, आतली जात नाही, एवढाच फरक ओळखायचा.

डाग दिसला नाही म्हणून लगेच डाइव्हला नेऊ नका. वापरलेलं घड्याळ कितीही सुंदर असलं तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरवर दाबाची तपासणी करून घेतल्याशिवाय ते जमिनीवरचंच घड्याळ समजा.

सातवी पायरी : पाण्यात वापरायची रीत

वेळ मोजण्याचं मुख्य काम डाइव्ह कॉम्प्युटरचं. घड्याळ हा दुसरा साक्षीदार. कॉम्प्युटर बंद पडला तर तुम्ही किती वेळ खाली आहात हे सांगायला कुणीतरी हवं.

उतरताना बेझलची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणा. समजा १० वाजून २० मिनिटांनी उतरलात, खूण चारच्या आकड्यासमोर आली. खाली असताना काटा बेझलवर ज्या आकड्याशी असेल तेवढी मिनिटं झाली, वजाबाकी नको. खोल पाण्यात डोकं सुस्त होतं, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तेव्हा खूण पुन्हा मिनिटकाट्यावर आणा आणि सेकंदकाट्याचे तीन फेरे मोजा.

पाण्याखाली चावी किंवा बटणं यांना हात लावायचा नाही. उतरण्याआधी होडीत बसल्या बसल्या चावी बोटाने चाचपून बघायची सवय लावा. मी मास्कच्या आधी चावी तपासतो.

आपल्याकडचं पाणी कोमट, थंडीपासून वाचवणारा जाड रबरी वेटसूट लागत नाही. त्यामुळे पट्टा लांबवणारी पट्टी असलेलं बकल नसलं तरी चालतं. त्याऐवजी मिलिमीटर-दोन मिलिमीटरने सैल-घट्ट होणारं बकल शोधा. दुपारच्या उकाड्यात मनगट सुजल्यासारखं होतं आणि पाण्यात शिरल्यावर पुन्हा आकसतं.

आठवी पायरी : घरी आल्यावर

त्याच दिवशी, आंघोळीच्या आधी, घड्याळ गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. कोमट पाणी, दहा मिनिटं. पाण्यातच बेझल पूर्ण एक-दोन फेरे फिरवा. खाली अडकलेली वाळू निघताना करकर ऐकू येते. ती थांबेपर्यंत फिरवत राहा. पट्ट्याच्या कड्यांमध्ये जुन्या मऊ टूथब्रशने घासा. खाचेत जमलेलं मीठ पांढऱ्या रेघेसारखं दिसतं, ते वाळलं की पिनेभोवती दगडासारखं धरतं. माझी पिन तशीच गेली होती. नंतर मऊ फडक्याने टिपून सावलीत ठेवा.

साबणाचा फेस आणि कढत पाणी रबराला सोसत नाही, म्हणून घड्याळ घालून गरम पाण्याने आंघोळ करू नका. मच्छर घालवायच्या मलमापासून आणि सनस्क्रीनपासूनही रबरी पट्टा जपा.

पिना दरवर्षी बदला. टायटॅनियमच्या घड्याळातही त्या बहुतेक स्टीलच्याच असतात. एवढं महागाचं घड्याळ शंभर-दोनशे रुपयांच्या पिनेवर टांगलेलं असतं, तेव्हा जाड आणि चांगल्या स्टीलच्याच घ्या. जुन्या कितीही चांगल्या दिसल्या तरी ठेवू नका.

कधी समुद्राचं पाणी आत गेल्याचं दिसलं तर तांदळात पुरून बसू नका. घड्याळजींकडे त्याच दिवशी न्या. खाऱ्या पाण्याने आतल्या बारीक स्क्रूंना गंज धरायला एक रात्र पुरते.

पावसाळा

सीझन मे अखेरीस आटोपतो. समुद्र खवळतो, होड्या वर ओढतात. आम्ही घड्याळ पेटीत टाकून मोकळे होतो, आणि इथेच चूक होते. मी १ जूनच्या आधी तीन कामं करतो. पट्टा काढून प्रत्येक कडी धुऊन वाळवतो. नव्या पिना घालतो. घड्याळ कपाटात न ठेवता रोज मनगटावर घालतो, कारण बंद कपाटातली कोंदट हवा वाहत्या हवेपेक्षा वाईट, आणि प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळाला उजेडही लागतो. ठेवायचंच असेल तर सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा पुडी बदला. चामड्याच्या पट्ट्याला जुलैत बुरशी धरते, तो या दिवसांत वापरूच नका.

दर दुसऱ्या वर्षी, शक्यतो सप्टेंबरात, दाबाची तपासणी करून घ्या. डाइव्ह करत असाल तर दरवर्षी. रबर म्हातारं झालेलं वरून दिसत नाही. धातू शंभर वर्षं टिकेल, रिंग टिकणार नाही.

ऑक्टोबरात पाणी निवळायला लागलं, होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, की मी पहिल्या डाइव्हच्या आदल्या दुपारी अंगणात उन्हात बसतो. घड्याळ तापलं की माठातल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवतो, मिनिटभराने टिपतो आणि काच तिरपी धरून बघतो. काच स्वच्छ असली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते घड्याळ माझ्याबरोबर होडीत असतं.